बुबुळावरचा पांढरा ठिपका: जंतूंमुळे डोळा नेमका कसा जातो

डोळे आले तरी डोळा लाल होतो आणि बुबुळावर अल्सर (जंतू शिरून पडलेली जखम) झाला तरी लालच होतो, आणि पहिल्या दिवशी ह्या दोन्हीत गफलत झाली की पुढचं सगळं बिघडत जातं. २०२३ चा पावसाळा आठवत असेल, आळंदी, पुणे करत करत निम्मा महाराष्ट्र गॉगल लावून फिरत होता. ती साथ व्हायरसची होती, आठवड्याभरात बहुतेक लोक आपोआप बरे झाले, नजरेला काही झालं नाही. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की लाल डोळा म्हणजे चार दिवस त्रास, मेडिकलमधून ड्रॉप आणा, घाला, विषय संपला. साथीच्या डोळ्यांना हे चालून जातं, बुबुळावरच्या अल्सरला नाही चालत, तिथे चार दिवस म्हणजे फार झाले.

आता फरक कसा ओळखायचा ते आधीच सांगतो, कारण पुढचं कोणी वाचलं नाही तरी एवढं तरी वाचलं जावं. डोळे येतात तेव्हा बहुतेक वेळा एकातून दुसऱ्या डोळ्यात जातात, पापण्या चिकटतात, चिपडं येतात, खाज किंवा खुपल्यासारखं होतं, पण चिपडं पुसली की दिसतं नीट. अल्सर शक्यतो एकाच डोळ्याला होतो, नुसतं खुपत नाही तर सणकून दुखतं, उजेड सहन होत नाही, माणूस डोळा घट्ट मिटून बसतो, पाणी थांबत नाही, लाली काळ्या भागाच्या कडेने जास्त असते आणि मुख्य म्हणजे दिसायला धूसर लागतं. आणि कोणी टॉर्च मारून बघितलं तर काळ्या बुबुळावर पांढरा किंवा पिवळट ठिपका दिसतो. हा ठिपका दिसला की ड्रॉपचा विचारच करायचा नाही, सरळ डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा, तोही त्याच दिवशी.

हा ठिपका कुठे पडतो ते समजलं की बाकीचं सोपं होतं. आपण ज्याला काळं बुबुळ म्हणतो त्याच्यावर एक पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया. शाळेच्या पुस्तकात ह्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी जाडी साधारण अर्धा मिलीमीटर, बस. पण डोळ्याची फोकस करायची जी काही ताकद आहे त्यातली जवळपास दोन तृतीयांश ह्या अर्ध्या मिलीमीटरची, आतल्या भिंगाचा वाटा त्या मानाने कमी. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर आरपार दिसलंच नसतं, त्याला ऑक्सिजन मिळतो तो अश्रूंमध्ये विरघळलेल्या हवेतून आणि पोषण आतल्या पाण्यातून. नसा मात्र भरपूर, म्हणून डोळ्यात बारीकसं कुसळ गेलं तरी माणूस नाचायला लागतो.

रक्तवाहिन्या नसण्याचा फायदा म्हणजे पारदर्शकता, आणि तोटा म्हणजे इथे जंतू शिरला तर शरीराची फौज पोचायला उशीर लागतो. म्हणून पहारा बाहेरच ठेवलेला असतो, सगळ्यात वरचा पेशींचा थर, पापण्यांची उघडझाप, आणि जंतूंना मारणारी द्रव्यं असलेले अश्रू. हा वरचा थर धड असेल तर बहुतेक बॅक्टेरिया आत शिरूच शकत नाहीत. गोनोरियाच्या जंतूसारखे मोजके अपवाद आहेत जे धडधाकट थरातूनही घुसतात, बाकीच्यांना आधी ओरखडा लागतो.

आणि ओरखडे काय, आपल्याकडे पोत्याने. ऊसतोडीला पाचटाची धारदार पात डोळ्यावर बसते, भाताच्या झोडणीत तूस उडतं, सोयाबीनच्या मळणीत मशीनसमोर उभा असलेल्या माणसाच्या तोंडावर सगळा भुसा येतो, ज्वारीचं कूस तर विचारू नका. एमआयडीसीत ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कण, बाइकवर हेल्मेटची काच वर करून जाताना चिलट. नुसता ओरखडा असेल आणि जंतू शिरले नाहीत तर तो एकदोन दिवसांत भरतो, खूणही राहत नाही. प्रॉब्लेम हा की ओरखडा करणारी गोष्टच बहुतेक वेळा मातीची, शेणाची, पाल्याची असते, म्हणजे जखम आणि जंतू एकाच फेरीत येतात.

मदुराई जिल्ह्यात नव्वदच्या दशकात मोजणी झाली होती, तिथे वर्षाला लाखामागे ११३ लोकांना कॉर्नियाचा अल्सर व्हायचा. अमेरिकेतल्या एका काउंटीतल्या आकड्याच्या हे दहापट. आपल्या ऊसपट्ट्यात आणि भातपट्ट्यात कामाची पद्धत तीच, चष्मा न लावता विळा कोयता चालवायची. भारतात पन्नाशीच्या आतल्या लोकांच्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदू नाही, कॉर्नियाचं पांढरं होणं आहे, म्हणजे हे कमावत्या वयातल्या माणसाचं दुखणं आहे.

ओरखड्यातून जंतू आत शिरला की तो कॉर्नियाच्या मधल्या जाड थरात पोचतो. कॉर्नियाची नव्वद टक्के जाडी ह्याच थराची, आणि त्यात कोलॅजनचे अतिशय बारीक धागे ठरलेल्या अंतरावर समांतर लावलेले असतात, ह्या शिस्तीमुळेच उजेड न विखुरता आरपार जातो. जंतू ह्या धाग्यांना विरघळवणारी एन्झाइम्स सोडतात. मग कडेच्या रक्तवाहिन्यांतून आणि अश्रूंतून पांढऱ्या पेशी धावत येतात, जंतूंवर तुटून पडतात, आणि त्या झटापटीत त्यांचीही एन्झाइम्स तेच धागे खातात. म्हणजे नुकसान अर्धं जंतूने केलेलं आणि अर्धं आपल्याच बचाव करणाऱ्यांनी. म्हणून जंतू मेल्यावरही डोळा लगेच सुधारत नाही, उलट पहिले एकदोन दिवस जास्तच वाईट दिसू शकतो, पेशंट घाबरतो आणि डॉक्टर बदलतो, जे करू नये.

सगळे जंतू सारख्या वेगाचे नसतात. स्टॅफिलोकोकसचे काही प्रकार हळूहळू चालतात, न्यूमोकोकस बऱ्यापैकी आक्रमक, पण खरा भीतीदायक स्युडोमोनास. हा पाण्यात, ओलसर जागी, बेसिनच्या नळाला, लेन्सच्या डबीत कुठेही मजेत राहतो. हा डोळ्यात शिरला तर एक ते दोन दिवसांत कॉर्निया मऊ पडून वितळायला लागतो, हिरवट पिवळा चिकट पू येतो, आणि भोक पडेपर्यंत मजल जाऊ शकते. सोमवारी संध्याकाळी खुपायला लागलं आणि बुधवारी रात्रीपर्यंत नजर गेली, असं ह्या जंतूत खरंच घडतं.

बरेचदा डॉक्टर सांगतात डोळ्यात पू साठलाय. कॉर्नियाच्या मागे, बुबुळाच्या पुढे, आतल्या पाण्यात, खालच्या बाजूला एक पांढरी आडवी पातळी दिसते, तिला हायपोपियॉन म्हणतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण जोवर कॉर्नियाला भोक पडलेलं नाही तोवर बॅक्टेरियाच्या अल्सरमध्ये त्या पूत बहुतेक वेळा जंतू नसतातच, नुसत्या पांढऱ्या पेशी तळाला बसलेल्या असतात. गंभीर आहे हे नक्की, पण तेवढ्याने डोळा आतून सडला असं होत नाही.

आता नजर का जाते? जखम भरते, पण मधल्या थराचे धागे पुन्हा त्या शिस्तीत लागत नाहीत. पैठणीला भोक पडल्यावर रफू केलं तर भोक बुजतं पण ती जागा कायम दिसते, तसं इथे व्रण कायम दिसतो, आणि ह्यालाच गावाकडे फूल पडलं म्हणतात. हा व्रण कडेला असेल तर नजरेला फारसं होत नाही, अगदी मध्यावर बाहुलीसमोर असेल तर छोटा असूनही माणूस ६/६० वर येतो, म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर कसंबसं. त्याच्या खाली मग डॉक्टर कागदावर बोटं मोजता येतात, हात हलवलेला कळतो, नुसता उजेड कळतो असं लिहीत जातात. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, व्रण पुसट असला तरी पृष्ठभाग वेडावाकडा होतो, मग साध्या चष्म्याने दिसत नाही कारण चष्मा वेडावाकडा नंबर काढू शकत नाही. आणि भोक पडलं तर आतला पडदा बाहेर येतो, काचबिंदू होऊ शकतो, जंतू आत शिरू शकतात, आणि वेळ आली तर डोळ्यातला सगळा भाग काढून टाकावा लागतो.

आता ज्यावर मला खरंच राग येतो तो भाग. कचरा गेला की आपल्याकडे पहिल्यांदा डोळा चोळतात. मग रुमालाचं टोक, काडेपेटीची काडी. काही गावात जिभेने कचरा काढून देणारी मंडळी असतात आणि लोक लांबून जातात त्यांच्याकडे, म्हणजे उघड्या जखमेवर तोंडातले सगळे जंतू. मग मध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी, कांद्याचा रस, बाळंतिणीचं दूध. आजी सांगते म्हणून ऐकायचं, आजीचा मान राहतो पण ह्यातलं काहीच निर्जंतुक नसतं. कचरा गेला तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं, चोळायचं नाही, आणि रुतलेला कण असेल तर तो स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून बघायचं डॉक्टरचं यंत्र) डोळा सुन्न करून सुईच्या टोकाने काढतात, दोन मिनिटांचं काम आहे.

पण घरगुती उपायांपेक्षाही जास्त वाट लावतात ते मेडिकलमधले स्टेरॉइडचे ड्रॉप. लाल डोळा सांगितला की बाटली हातात, त्यात अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइड घातलं की लाली उतरते, दुखणं कमी होतं, माणूस खूश, दुकानदाराला दुवा देतो, आणि आत जंतू निवांत वाढत असतो कारण त्याच्याशी लढणाऱ्या पेशींनाच गप्प बसवलेलं असतं. त्यात आपल्याकडे शेतात झालेल्या अल्सरमध्ये बुरशीचं प्रमाण भरपूर, आणि बुरशीला तर स्टेरॉइड म्हणजे खत. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल असं काही दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय ती उघडायची नाही. मागच्या वेळची फ्रिजमधली उरलेली बाटली तर अजिबात नाही. वेल्डिंग करणाऱ्या पोरांमध्ये अजून एक प्रकार चालतो, डोळा सुन्न करायचे ड्रॉप रोज घालायचे म्हणजे दुखत नाही. त्याने जखम भरायचीच थांबते आणि कॉर्निया वितळू शकतो, ते ड्रॉप तपासणीपुरते असतात.

ड्रॉपची बाटलीच खराब असू शकते हे २०२३ मध्ये अमेरिकेत दिसलं. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात बनलेले, कोरड्या डोळ्यांसाठीचे साधे ड्रॉप, आणि त्यातून जवळजवळ कुठल्याच अँटिबायोटिकला न जुमानणारा स्युडोमोनास पसरला. १८ राज्यांत ८१ रुग्ण, चार मृत्यू, चौदा जणांची दृष्टी गेली, चार जणांचा डोळा काढावा लागला. म्हणून बाटलीचं टोक पापणीला किंवा बोटाला लावायचं नाही, उघडल्यावर महिन्याने फेकायची, आणि घरभर एकच बाटली फिरवायची नाही.

शहरातली मंडळी म्हणतील आमचा काय संबंध ऊसतोडीशी. तुमच्यासाठी कॉन्टॅक्ट लेन्स आहे. लेन्स घालून झोपलं की बंद पापणीखाली कॉर्नियाला हवा अजून कमी मिळते, वरचा थर कमजोर पडतो, आणि लेन्सवर जंतूंचा थर जमलेला असतोच. लग्नात हौसेने घेतलेल्या निळ्या हिरव्या लेन्स तर मैत्रिणीमैत्रिणींत अदलाबदल करून घालतात, काय बोलणार. लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही, थुंकी तर नाहीच, पोहताना आणि अंघोळीला काढायच्या, डबी दर काही महिन्यांनी बदलायची. आणि लेन्स घालणाऱ्याचा डोळा दुखून लाल झाला तर लेन्स काढायची आणि डबीसकट डॉक्टरकडे न्यायची, कारण कधी कधी जंतू त्या डबीतच सापडतो.

डायबिटीसवाले, पापणी नीट मिटत नाही असे लोक (चेहऱ्याचा लकवा झालेले वगैरे), आयसीयूत बेशुद्ध असलेले पेशंट, ह्यांनाही धोका जास्त. आणि नाकाशेजारी अश्रूंची पिशवी तुंबून तिथे दाबलं की पू येतो अशी माणसं वर्षानुवर्षं डोळा पुसत फिरतात, त्यांच्या डोळ्याशेजारी जंतूंचा साठाच असतो, साधा ओरखडा झाला तरी अल्सर होऊ शकतो. छोटं ऑपरेशन करून ते मोकळं करता येतं.

डॉक्टरकडे गेल्यावर काय होतं? स्लिट लॅम्पवर बघतात, पिवळा केशरी रंग घालून निळा उजेड टाकतात, जिथे वरचा थर गेलाय तिथे हिरवं चमकतं. मग मोठा अल्सर असेल तर डोळा सुन्न करून अल्सरच्या कडेचं थोडं खरवडून घेतात. पेशंटला वाटतं आधीच दुखतंय त्यात हे काय, पण ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, ती स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितली की त्याच दिवशी बऱ्याचदा कळतं बॅक्टेरिया आहे का बुरशी, आणि दोघांचं औषध पूर्ण वेगळं. कल्चरचा, म्हणजे खरवडलेल्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्याचा, रिपोर्ट दोन तीन दिवसांनी येतो. गावातल्या दवाखान्यात ही सोय नसेल तर जे.जे., ससूनसारख्या मेडिकल कॉलेजमध्ये असते, पाठवलं तर जा, टाळू नका.

गोळ्या देऊन भागत नाही, कारण रक्तवाहिन्याच नाहीत तर गोळीतलं औषध तिथे पोचणार कशाने. ड्रॉपच लागतात आणि तेही दर तासाला, पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा. मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखे तयार ड्रॉप असतात, किंवा इंजेक्शनची पावडर मिसळून सेफाझोलिन आणि टोब्रामायसिनचे जास्त ताकदीचे ड्रॉप बनवून देतात, ते फ्रिजमध्ये ठेवायचे आणि घातले की झोंबतात. एका वेळी डोळ्यात एकच थेंब मावतो, बाकी गालावर येतो, म्हणून दोन वेगळ्या औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. रात्री दोन, तीन, चारला अलार्म लावून कोण उठणार, म्हणून बरेच डॉक्टर ॲडमिट व्हा म्हणतात, आणि लोकांना वाटतं बिल वाढवायला सांगतायत. तसं नाहीये, ड्रॉप वेळेवर पडणं हीच ट्रीटमेंट आहे. बाहुली मोठी करणारं एक औषध पण देतात, त्याने आतला ताण कमी होऊन दुखणं उतरतं, तेव्हा अंधुक दिसतं म्हणून ते बंद करू नका.

मग स्टेरॉइड कधीच नाही का? डॉक्टरांमध्येही ह्यावर बराच वाद होता. मदुराईचं अरविंद हॉस्पिटल आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून ५०० पेशंटवर ट्रायल केली, बॅक्टेरियाच आहे हे कल्चरने सिद्ध झाल्यावर आणि अँटिबायोटिक सुरू केल्यावर स्टेरॉइड द्यायचं की नाही. २०१२ मध्ये निकाल आला, तीन महिन्यांनी नजरेत एकूण फरक नाही. म्हणजे तज्ञाच्या हातात, सगळं तपासूनही फायदा एकूणात दिसला नाही, आणि आपण ते काउंटरवरून तीस रुपयांत घेतो.

लवकर उपचाराने किती फरक पडतो ह्याचं उदाहरण नेपाळच्या भक्तपूरचं. तिथे गावातल्या स्वयंसेवकांना शिकवलं, डोळ्याला ओरखडा झालेला माणूस आला की क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. ज्यांनी १८ तासांच्या आत सुरू केलं त्यांच्यातल्या एकालाही अल्सर झाला नाही, एक दिवस उलटल्यावर आलेल्यांमध्ये मात्र बऱ्याच जणांना झाला. पुढे नेपाळमध्येच मोठी, गावागावांची तुलना करणारी ट्रायल झाली, त्यात अख्ख्या गावाच्या पातळीवर अल्सर कमी झालेले दिसले नाहीत, त्यामुळे मलम वाटलं की काम झालं इतकं ते सोपं नाही. पण ओरखडा झालेल्या माणसाने उद्यावर ढकलू नये, हे त्यातून खोटं ठरत नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं इन्फेक्शन हा वेगळा पण तितकाच गंभीर प्रकार, तिथे जंतू थेट डोळ्याच्या आत असतात. ऑपरेशननंतर चांगलं दिसत होतं आणि पहिल्या आठवड्यात अचानक दुखायला, धूसर दिसायला लागलं, तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्री फोन करायचा. अँटिबायोटिकचं इंजेक्शन थेट डोळ्यात द्यावं लागतं आणि तिथे तासांचा हिशोब असतो. प्रमाण फार कमी आहे, अरविंदच्याच वीस लाखांहून जास्त ऑपरेशन्समध्ये, ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडायला लागल्यावर ते ०.०७ वरून ०.०२ टक्क्यांवर आलं. म्हणून भीतीने ऑपरेशन टाळू नका.

आणि अल्सर बरा झाला पण फूल राहिलं तर? लगेच काही करत नाहीत, व्रण काही महिने थोडा थोडा पुसट होत राहतो, मग बघतात. नुसता वेडावाकडा पृष्ठभाग असेल तर कडक किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या) लेन्सने चांगलं दिसू शकतं, ऑपरेशनशिवाय, आणि हे बऱ्याच लोकांना कोणी सांगतच नाही. मध्यावर दाट फूल असेल तर कॉर्निया बदलायचा. जगातलं पहिलं यशस्वी माणसाचं कॉर्निया प्रत्यारोपण १९०५ मध्ये झालं, त्यामुळे तंत्र नवीन नाही, अडतं ते कॉर्निया मिळण्यावर. डोळा शांत झाल्यावर केलेलं प्रत्यारोपण टिकायची शक्यता जास्त, चालू इन्फेक्शनमध्ये डोळा वाचवायला घाईत करावं लागलं तर कमी. आणि नवीन कॉर्निया बसला म्हणजे सुटलो असं पण नाही, पुढे कित्येक वर्षं ड्रॉप आणि तपासण्या असतात.

कॉर्निया येतो नेत्रदानातून, मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत. घरात अशी वेळ आली तर आय बँकेला फोन करायचा, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. फॉर्म आधी भरलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीने होतं, माणूस घरून कुठे न्यावा लागत नाही, साधारण अर्ध्या तासाचं काम असतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मेवाला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला, डायबिटीस किंवा बीपी असलेला, सगळे देऊ शकतात, नाही चालत ते रेबीज, एचआयव्ही, काविळीचे बी आणि सी प्रकार, रक्ताचा कॅन्सर असे मोजके आजार, आणि ते आय बँकवाले स्वतःच विचारून तपासून ठरवतात.